मोहल्ल्याच्या सभेत आपली खुर्ची



सध्या बंद काळ चालू आहे. १६ जून ते १५ ऑगस्ट नदीत जाळं टाकायचं नाही, हे आपल्या लहान पोरांनाही पाठ आहे. नावा काठावर उलट्या पडल्यात, जाळी शिवणं चालू आहे, आणि दुपारची माणसं ऑफिसात येऊन बसतात. चहा होतो, गप्पा होतात. पण यंदा गप्पांचा विषय बदललाय. दरवर्षी विचारतात, मत्स्यबीज कधी येणार, विम्याचा फॉर्म भरला का, जाळ्याच्या अनुदानाचं काय झालं. यंदा एक भाऊ विचारतो, "आपलं घर शहराच्या नकाशात कोणत्या रंगात आहे?" दुसरा विचारतो, "घाट नवा केला तर नावा कुठं बांधायच्या?" एक मावशी विचारते, "किल्ल्याच्या बाजूची माझी भिंत पावसात बसली, बांधू की नको बांधू? बांधली तर नोटीस येईल म्हणतात."

हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे वाटतात. पण तिन्हींचा निकाल एकाच तऱ्हेनं लागतो. कुठंतरी एक बैठक होते, कागद फिरतो, हरकत मागवली जाते, मुदत संपते, आणि मग काम सुरू होतं. काम सुरू झाल्यावर आपण घाटावर जमतो. तेव्हा समोर ठेकेदाराचा मुनीम असतो, त्याच्या हातात काहीच नसतं. म्हणून या वेळी मासळीचा भाव बाजूला ठेवून आम्ही या बैठकांबद्दल लिहितोय. लेख लांब आहे, पण बंद काळात वाचायला वेळ आहे.

आधी आपला हक्क कशावर उभा आहे ते बघू. राजघाट, सतियारा घाट, नागझिरी घाट, पिपलघाट, कुठल्याही घाटावर कुणी बुडालं की पहिला फोन कुणाला जातो? आपल्या पोरांना. पोलीस येतात, होमगार्ड येतात, दोर-ट्यूब येते, पण पाण्याखाली कुठं खड्डा आहे, कुठं दगडाची कड आहे, धार कुठं ओढते, हे सांगायला भोईच लागतो. गणपती विसर्जनाला, नवरात्रात, अमावस्येच्या आंघोळीला आपल्या नावा रात्रभर उभ्या असतात. तिकडं बैतूलकडं पाऊस झाला की इथं पाणी कधी चढेल, हे आपले म्हातारे पाण्याचा रंग बघून सांगतात. केंद्रीय जल आयोगाचं पाणी मोजायचं ठाणं बऱ्हाणपुरात आहे, ते आकडा देतं, आणि तो आकडा खाली हतनूरला लागतो. बऱ्हाणपुरात पाऊस पडला की हतनूरचे ४१ दरवाजे किती उघडले याची बातमी जळगाव-भुसावळच्या पेपरात येते. म्हणजे आपल्या दारातून गेलेलं पाणी खालच्या जिल्ह्याची झोप उडवतं.

तर ज्या माणसाला रात्री दोन वाजता उठवून पाण्यात उतरवलं जातं, त्याला दिवसा अकरा वाजता घाटाच्या बैठकीत बोलावलं पाहिजे. दिवा कुठं लागावा, साखळी कुठवर असावी, पायऱ्या कुठं घसरड्या होतात, खोल पाण्याची पाटी कुठं हवी, नाव चढवायचा उतार कुठं मोकळा ठेवावा, हे सांगणारा आपल्याशिवाय दुसरा कोण? यात आपण कुणाकडं मेहरबानी मागत नाही. हे काम आपण आधीपासून करतोच, फक्त त्याची नोंद कुठल्या कागदावर नाही.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यासोबत बारावी अनुसूची आली. त्यात शहराच्या संस्थेला द्यायचे १८ विषय आहेत. पहिलाच विषय नगर नियोजन आणि दुसरा जमिनीचा वापर व इमारतींचं बांधकाम. म्हणजे घर कुठं, बाजार कुठं, घाट कुठं, याचा विचार शहरानं शहरातच करावा अशी मूळ कल्पना. त्याच दुरुस्तीत वॉर्ड समितीचं कलम आहे, पण त्यात एक मेख आहे. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समिती बंधनकारक. २०११ च्या जनगणनेत बऱ्हाणपूर शहर २,१०,८८६. म्हणजे तीन लाखांच्या खाली. दिल्लीच्या कलमाकडं बोट दाखवून आपण "आमच्याकडं वॉर्ड समिती का नाही" असं भांडायला गेलो तर समोरचा आकडा दाखवून परत पाठवील. हे आधीच माहीत असलेलं बरं.

पण म्हणून दार बंद होत नाही. मध्य प्रदेशाच्या नगरपालिका कायद्यात वॉर्ड समितीच्या खाली मोहल्ला समितीचीही सोय आहे. मोहल्ल्यातली राहणारी माणसं एकत्र येऊन साफसफाई, पाणी, दिवे, रस्ता यांवर लक्ष ठेवतात, अशी ही समिती. कागदावर ती लहान दिसते. पण एखाद्या गल्लीची मागणी समितीच्या ठरावानं गेली की ती कुणा एकाची तक्रार राहत नाही. आणि आपल्याकडं तर आणखी एक हत्यार आहे, ज्याचा विचार फार कमी लोक करतात. आपली संस्था १९६० च्या सहकारी कायद्याखाली नोंदलेली आहे. तिचा शिक्का आहे, ठरावाचं रजिस्टर आहे, सभासदांची यादी आहे. मोहल्ल्यातल्या पन्नास माणसांनी पन्नास अर्ज दिले तर ते पन्नास फायलीत जातात. संस्थेचा एक ठराव गेला तर त्याला आवक नंबर पडतो आणि तो विचारता येतो.

आता नकाशाची गोष्ट. शहराची विकास योजना १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश कायद्यानं बनते. हे काम नगर निगमाचं नसून नगर तथा ग्राम निवेश खात्याचं आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून ते चुकीच्या खिडकीवर उभे राहतात. या कायद्यात आधी आज जमीन कशी वापरली जाते याचा नकाशा करतात. मग पुढच्या वर्षांसाठी योजनेचा मसुदा छापतात. दोन्ही वेळा लोकांकडून हरकती आणि सूचना मागवतात. मसुद्यावर ३० दिवसांची मुदत असते, सुनावणी होते, आणि मग योजना सरकारकडं मंजुरीला जाते.

मंडळी, या दोन नकाशांत आमच्या मते पहिला जास्त महत्त्वाचा. कारण त्यात आज जे आहे ते लिहिलं जातं. तिथं नदीकाठच्या पट्ट्यावर "मोकळी जागा" असं लिहिलं गेलं, तर पुढच्या नकाशात तिथं बगीचा येईल, पार्किंग येईल, फिरायचा रस्ता येईल, आणि ते सगळं कायदेशीरच असेल. आपण म्हणू, इथं चार पिढ्या जाळी वाळवतो. नकाशा म्हणेल, इथं काहीच नव्हतं. जाळी वाळवायची जागा बाहेरच्या माणसाला रिकामी वाटते. दुपारी बारा वाजता जाळं सुकून उचललेलं असतं, नाव पाण्यात असते, तेव्हा सर्व्हेवाला येतो आणि त्याला माती दिसते. त्यात त्याचाही फार दोष नाही. त्याला दाखवणारं कुणी नव्हतं.

मुंबईच्या कोळी बांधवांनी हे भोगलं आहे, म्हणून त्यांच्याकडं बघू. किनाऱ्यावर सी.आर.झेड.चा नियम आहे. तो आपल्याला लागू नाही, कारण तो समुद्राला आणि भरतीचं खारं पाणी जिथवर चढतं तिथल्या नदी-खाडीला लागतो. तापीचं इथलं पाणी गोडं. पण त्यातून शिकायला खूप आहे. ६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेत मुंबईसाठी खास लिहिलं गेलं की १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा राज्य सरकारच्या कागदांत जे कोळीवाडे म्हणून ओळखलेले आहेत, त्यांची मोजणी करून त्यांना वेगळा दर्जा द्यावा, म्हणजे तिथल्या राहत्या घरांची बांधणी-पुनर्बांधणी होऊ शकेल. बघा, सगळा हक्क कशाला टांगला? १९८१ च्या कागदाला. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी नकाशावर "कोळीवाडा" असं लिहिलं होतं का, यावर पुढच्या पिढीचं घर ठरलं. ज्या वाड्यांच्या हद्दी नीट आखल्या गेल्या नाहीत, तिथं सीमांकनासाठी वर्षानुवर्षं खेपा चालल्या. कोळीवाड्यांना झोपडपट्टी धरू नका, ही त्यांची जुनी मागणी आहे. गावठाण म्हणायचं की झोपडपट्टी, यात शब्दाचा फरक दिसतो, पण एका शब्दानं माणूस मालक होतो आणि दुसऱ्यानं लाभार्थी.

दुसरी गोष्ट वरळीची. मुंबईचा सागरी किनारा मार्ग मरीन लाइन्सकडून निघून वरळीला सी लिंकच्या टोकाला मिळतो, लांबी १०.५८ किलोमीटर. २०१८ मध्ये काम सुरू झालं. वरळी कोळीवाड्याच्या दोन सहकारी संस्था, नाखवा मत्स्यव्यवसाय सोसायटी आणि मच्छीमार सर्वोदय सोसायटी. नाखवा म्हणजे आपल्याकडचा नाववाला. नाखवा सोसायटी हायकोर्टात गेली, इतरही अर्जदार होते. १६ जुलै २०१९ ला मुंबई हायकोर्टानं प्रकल्पाची सी.आर.झेड. मंजुरी रद्द केली. पण १७ डिसेंबर २०१९ ला सुप्रीम कोर्टानं त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा चालू झालं. कोर्टाचा रस्ता असा असतो. पाच महिन्यांत जिंकलेलं हातातून गेलं.

पण वरळीवाले तिथं थांबले नाहीत, आणि त्यांनी मागणी कशी बदलली हे आपण नीट समजून घ्यावं. रस्ता नको, ही मागणी आता टिकणार नव्हती. मग त्यांनी मोजपट्टी हातात घेतली. क्लीव्हलँड बंदरातून नावा ज्या वाटेनं समुद्रात जातात, त्याच वाटेवर पुलाचे खांब येत होते. दोन खांबांतलं अंतर ६० मीटर ठेवलं होतं. महापालिकेचं म्हणणं, एवढं पुरे. कोळी म्हणाले, नकाशावर पुरे असेल, पण वारा आडवा असताना, लाटा असताना, समोरून दुसरी नाव येत असताना पुरे नाही. नाव रुळावरची गाडी नव्हे, ती सरकते. त्यांनी १६० मीटर मागितले. काम अडवलं, नावा आडव्या लावल्या, बैठका झाल्या, तज्ज्ञ आले-गेले. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांनी मधला ८ नंबरचा एक खांब काढून ७ आणि ९ मधलं अंतर १२० मीटर करायचं जाहीर केलं. १६० मिळाले नाहीत. पण ६० चे १२० झाले.

आम्हाला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की त्यांची मागणी मीटरमध्ये होती. "आमच्यावर अन्याय होतो" हे वाक्य फायलीत लिहिता येत नाही. "आम्हाला नाव वळवायला इतकी जागा लागते" हे लिहिता येतं. आपल्या घाटांचंही तसंच आहे. आपल्या नावा लहान, समुद्रातल्यासारख्या मशीनच्या नाहीत. तरी एक नाव काठावर चढवायला किती रुंद उतार लागतो, दहा नावा एका वेळी उलट्या घालायच्या तर किती लांबी लागते, पन्नास मीटरचं जाळं पसरायला किती मोकळं लागतं, हे आपण कधी कागदावर मोजून ठेवलेलं नाही. ते या बंद काळात होऊ शकतं. त्याला वकील लागत नाही, टेप लागते.

आता त्या मावशींच्या भिंतीचं. शाही किल्ला नदीच्या काठावर आहे आणि तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे. शहरात शाहनवाज खानाच्या मकबऱ्यासारख्या आणखीही संरक्षित वास्तू आहेत. २०१० मध्ये प्राचीन स्मारकांचा कायदा बदलला. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत निषिद्ध क्षेत्र, तिथं नवं बांधकाम नाही. त्यापुढं आणखी २०० मीटर विनियमित क्षेत्र, तिथं परवानगी घेऊन बांधता येतं. विनापरवानगी केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण लोक अर्धंच ऐकतात. निषिद्ध क्षेत्रातही जुन्या घराची दुरुस्ती करता येते. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या पद्धतीनं, सक्षम अधिकाऱ्यामार्फत अर्ज करायचा, घर जुनं असल्याचा पुरावा आणि फोटो जोडायचे. अडचण कुठं होते, तर घाबरून माणूस अर्ज करत नाही. मग रात्री गुपचूप विटा रचतो, शेजारी तक्रार करतो, आणि जे काम कायद्यानं चाललं असतं ते बेकायदा होऊन बसतं. म्हणून मावशी, पडलेल्या भिंतीचा फोटो आजच काढून ठेवा. मलबा उचलण्याआधी. आणि घर १०० मीटरच्या आत आहे की पुढच्या २०० मध्ये, हे आधी विचारून घ्या. संरक्षित हद्द किल्ल्याच्या भिंतीलाच संपते असं नाही, ती नोंदीतल्या नकाशावरून मोजतात.

एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. आपल्या शहराला पाण्याची आखणी नवीन नाही. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालून शहरात आणणारा कुंडी भंडारा बांधला गेला. मार्च २०२४ मध्ये तो युनेस्कोच्या संभाव्य यादीत आला. चारशे वर्षांपूर्वी इथं पाणी कुठून यावं आणि वस्ती कुठं असावी याचा विचार झाला होता. तेव्हा "बऱ्हाणपूर लहान गाव, इथं कसलं नियोजन" असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

बाजाराकडं येऊ. नाववाल्यांचे प्रश्न सगळे बोलतात, टोपलीचे प्रश्न मागं राहतात. मासळी पकडली जाते नदीत, पण पैसा होतो रस्त्यावर, आणि तो करतात बायका. २०१४ चा पथविक्रेता कायदा त्यांच्यासाठी आहे. त्यात शहर पथविक्रेता समिती असते. तिचे किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले असले पाहिजेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. कुठल्या चौकात विक्री चालेल, कुठं नाही, हे ठरवण्यात ही समिती भाग घेते. सर्व्हे होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत जुन्या विक्रेत्याला उठवायचं नाही, असंही कायदा म्हणतो. कोरोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, पी.एम. स्वनिधीचं १०,००० रुपयांचं पहिलं कर्ज आलं तेव्हा आपल्याकडच्या काही ताईंनी कागद केले, तेच कागद आज त्यांची ओळख आहेत. ज्यांनी "कर्ज नको बाई" म्हणून कागदच केले नाहीत, त्या आजही भाजीवालीच्या शेजारी सरकून बसतात. कर्ज घेऊ नका हवं तर, पण नाव नोंदवा.

मासळीचा बाजार हा वासाचा विषय आहे, हेही मान्य करू. शेजारी घरं असलेल्यांची तक्रार खरी असते. पाणी, गटार आणि कचऱ्याची गाडी मिळाली तर निम्मी भांडणं संपतात. ही मागणी आपण आणि शेजारी मिळून एका अर्जावर केली तर ती लवकर पुढं सरकते. एकमेकांविरुद्ध दोन अर्ज गेले की दोन्ही पडून राहतात.

आणि सुरक्षेचं. बऱ्हाणपूर हे मागाचं शहर, पॉवरलूमचं. सगळ्या जातीधर्माची माणसं भिंतीला भिंत लावून राहतात. घाटावर हिंदूही येतात, मासळी मुसलमान भाईही घेतात, आणि आपलं पोट दोघांवर आहे. शहरात दोन दिवस दुकानं बंद राहिली की आपला माल सडतो, मागवाल्याचं कापड सडत नाही. म्हणून मोहल्ल्यातली शांतता हा आपल्यासाठी धंद्याचाही विषय आहे. अशाच एका पॉवरलूमच्या गावाची गोष्ट आहे, भिवंडीची. तिथं १९७० मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये मोठ्या दंगली झाल्या. १९८८ मध्ये तिथं पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, त्यात मोठ्या पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतली साधी माणसं घेतली, दोन्ही समाजांची. शहर शांत असतानाच या बैठका चालू राहिल्या. गटार, भाडेकरूचं भांडण, नळावरची बाचाबाची, असेच विषय. १९९२ च्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, त्यात ज्युलिओ रिबेरो आणि सतीश सहानी हे पोलीस अधिकारी होते.

आमच्या मते भिवंडीचा खरा धडा गटारात आहे. ज्या माणसांनी आठ महिने एकत्र बसून गटाराचं भांडण मिटवलं, त्यांना अफवेच्या रात्री एकमेकांना फोन करायला संकोच वाटत नाही. संकटाच्या दिवशी नव्यानं ओळख होत नाही. आपल्याकडं शांतता समितीची बैठक सणाच्या आधी होते, ती चांगली गोष्ट आहे. पण विसर्जनाच्या मार्गावर आणि घाटावर ज्यांची नाव उभी असते त्यांचा एक माणूस त्या बैठकीत असावा, एवढंच आमचं म्हणणं आहे. गेल्या वेळी आपला एक सभासद गेला होता. त्यानं फक्त एक गोष्ट सांगितली, कोणत्या बाजूला पाणी खोल आहे. ती लिहून घेतली गेली.

नदीच्या वरच्या बाजूचीही एक मोठी गोष्ट चालू आहे, ती मोहल्ल्याच्या सभेत मावत नाही. १० मे २०२५ ला भोपाळला मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तापी खोरे मेगा रिचार्ज योजनेचा करार झाला. खारिया गुटीघाटला बंधारा, ८.३१ टी.एम.सी. क्षमतेचा, आणि दोन्ही काठांनी कालवे. पाणी जमिनीत मुरवायचं, विहिरी वर आणायच्या. बऱ्हाणपूर, नेपानगर, खकनार, खालवा या भागांतल्या शेताला फायदा सांगितला आहे. केळीवाल्या शेतकऱ्याला पाणी हवंच, त्याची विहीर आटली तर आपलाही बाजार आटतो. त्यामुळं आम्ही विरोधाचं बोलत नाही. पण बंधाऱ्याखाली उन्हाळ्यात नदीत किती पाणी सोडणार, आणि पावसाळ्यात वर चढणाऱ्या मासळीला वाट राहणार का, हे दोन प्रश्न शेतकरी विचारणार नाही. तो का विचारील? ते आपल्यालाच विचारावे लागतील, आणि ते ग्रामसभांमध्ये, जनसुनवाईत, लेखी. काठावरच्या गावांतल्या आपल्या सभासदांनी ग्रामसभेच्या वहीत हे दोन प्रश्न लिहून घ्यायला लावावेत.

काही जण म्हणतील, सेक्रेटरी लोकांना कागदाचाच नाद. एक म्हातारे बाबा परवा म्हणाले, "नदी कुणाच्या बापाची नाही, तिला कसली हद्द?" बाबांचं खरं आहे. तापी दर काही वर्षांनी आपली हद्द स्वतः दाखवून जाते, तिला नकाशा लागत नाही. २००६ च्या ऑगस्टात सुरतेला तिनं काय केलं ते सगळ्यांना आठवतं. काठावर आपणही कुठवर घरं बांधायची याचा विचार आपल्यालाच करावा लागेल. पुराच्या रेषेच्या आत नवी खोली काढायची आणि मग नोटीस आली म्हणून ओरडायचं, त्याला संस्था साथ देणार नाही, हे आधीच सांगतो. जुनं घर, जुना घाट, जुनी जाळ्याची जागा, यासाठी संस्था शेवटपर्यंत उभी राहील.

तर ठरलं ते असं. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ऑफिसात बैठक आहे. घराचा जो काही जुना कागद असेल तो आणा. १९८४ च्या कायद्याखाली मिळालेला पट्टा असो, नळाची किंवा विजेची जुनी पावती असो, आजोबांच्या नावाचं मतदार कार्ड असो. कागद आमच्याकडं ठेवायचा नाही, फक्त मोबाइलवर फोटो काढून यादीत नंबर टाकायचा. ताई-मावशींनी विक्रेत्याचं प्रमाणपत्र असेल तर ते आणावं, नसेल तर कुठल्या जागी किती वर्षं बसता ते सांगावं. नाववाल्यांनी आपापल्या घाटाची माहिती आणावी, कोण कुठं नाव लावतो, किती नावा. दुपारनंतर दोन तरुण पोरं टेप घेऊन राजघाटापासून नागझिरीकडं निघतील, त्यांच्यासोबत प्रत्येक घाटाचा एक जाणता माणूस हवा. पाऊस असेल तर दुसऱ्या दिवशी. मोजणी झाल्यावर ठराव करून त्याची एक प्रत नगर निगमाला, एक नगर तथा ग्राम निवेश खात्याला आणि एक मंगळवारच्या जनसुनवाईत द्यायची. आवक नंबर मिळाला की इथं टाकू.

मोहल्ला समितीसाठी दोन नावं सुचवायची आहेत, त्यातलं एक बाईचं असावं असं आमचं मत आहे. नावं रविवारपर्यंत कळवा. टेप संस्थेची एकच आहे, ती पण तीस मीटरची. कुणाकडं मोठी असेल तर घेऊन या.